'विक्रांत' ते 'गुलदार' : जतनाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

सिंधुदुर्गातील निवतीचा समुद्र सात वर्षांच्या आत दुसऱ्यांदा एका युद्धनौकेच्या नावाने चर्चेत आला. जानेवारी २०२४ मध्ये सेवामुक्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही नौका फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवार येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आली. निवती रॉकच्या परिसरात ती समुद्रतळाशी बसवायची, तिच्यावर सागरी जीवसृष्टी वाढू द्यायची आणि पर्यटकांना पाण्याखाली नेऊन ती दाखवायची, अशी योजना आहे. सिंधुदुर्गातील या प्रकल्पासाठी केंद्राने ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले आहेत. योजना वाईट नाही. तथापि, ज्यांची स्मरणशक्ती अद्याप शाबूत आहे, त्यांना नोव्हेंबर २०१८ मधील राज्य मंत्रिमंडळाचा एक निर्णय आठवल्यावाचून राहणार नाही. याच निवतीजवळ 'आयएनएस विराट' ही विमानवाहू नौका उभी करून तिच्यावर संग्रहालय आणि सागरी साहस केंद्र थाटण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला तेव्हा मान्यता देण्यात आली होती. तो निर्णय कागदावरून समुद्रात उतरलाच नाही. दोन वर्षांनी 'विराट' मुंबईहून ओढत अलंगच्या किनाऱ्यावर नेण्यात आली.

तिच्या आधी 'विक्रांत' गेली होती. एकाच शहराच्या बंदरात वसलेल्या, एकाच राज्याने जतनाचा शब्द दिलेल्या दोन ऐतिहासिक नौका सहा-सात वर्षांच्या अंतराने भंगारात निघाव्यात, याला योगायोग म्हणता येत नाही. दोन्ही वेळी हळहळ भरपूर व्यक्त झाली, पत्रके निघाली, न्यायालयांची दारे ठोठावण्यात आली. हळहळीची कमतरता कधीच नव्हती. नौका सेवामुक्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्या तळाचा पत्रा कोण तपासणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे मात्र दोन्ही वेळी ठरलेले नव्हते.

'विक्रांत'ची कथा विस्ताराने पाहण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये 'हर्क्युलिस' या नावाने तिची बांधणी सुरू झाली आणि सप्टेंबर १९४५ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर, ती पाण्यात उतरली. तिची गरज उरली नसल्याने काम थांबले. भारताने १९५७ मध्ये ती अर्धवट अवस्थेत विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मुंबईत आली, तेव्हा पंतप्रधान पंडित नेहरू तिच्या स्वागताला उपस्थित होते. आशिया खंडातील नवस्वतंत्र देशाकडे विमानवाहू नौका असणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानने ती बुडविल्याचा दावा केला. प्रत्यक्षात ती त्या वेळी मुंबईत दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत होती. १९७१ मध्ये तिच्या बॉयलरमध्ये बिघाड होता, वेगावर मर्यादा होती, आणि तरीही ती बंगालच्या उपसागरात धाडण्यात आली. ४ डिसेंबरपासून तिच्यावरील 'सी हॉक' आणि 'अलिझे' विमानांनी कॉक्स बझार, चितगाव आणि इतर बंदरांवर हल्ले चढवून पूर्व पाकिस्तानचा सागरी मार्ग रोखून धरला. तिच्या शोधात निघालेली 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ तळाला गेली. नौकेवरील अधिकारी व सैनिकांना त्या युद्धात दोन महावीरचक्रे आणि बारा वीरचक्रे मिळाली.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवामुक्त झाली, आणि ती मुंबईत संग्रहालय म्हणून राहावी, असे तेव्हाच ठरले. ही बाब नेहमी विसरली जाते. 'विक्रांत' कोणी वाचवलीच नाही, असे नव्हे. ती सतरा वर्षे मुंबईच्या बंदरात होती. नौदलाने स्वतःच्या हिमतीवर तिच्या पोटात विमाने, शस्त्रास्त्रे, प्रतिकृती मांडल्या आणि २००१ पासून काही ठरावीक काळ ती लोकांसाठी खुली ठेवली. नौदल सप्ताहात तिच्यासमोर रांगा लागत. शाळेच्या सहलीबरोबर तिच्या धावपट्टीवर उभी राहून आलेली मुले आज चाळिशीच्या घरात आहेत. मात्र हे सारे तात्पुरते होते. गेटवेसमोरच्या समुद्रात ऑयस्टर रॉक या बेटाजवळ ती कायमची उभी करावी, अशी एक योजना पुढे आली आणि मागे पडली. राज्य सरकारने खासगी भागीदार शोधला. २०१० पर्यंत तो मिळाला नव्हता. २०१२ मध्ये नौका लोकांना नेण्याजोगी सुरक्षित उरली नसल्याने दारे बंद झाली. २०१३ मध्ये लिलावाचा निर्णय झाला. त्याला आव्हान देणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये फेटाळली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती टिकली नाही. सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेलेली 'विक्रांत' दारूखान्याच्या किनाऱ्यावर लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यावर गॅसकटर चालू लागले. पुढे तिच्या पोलादाचा काही भाग एका मोटारसायकलच्या निर्मितीत वापरण्यात आला आणि त्याची जाहिरातही मोठ्या अभिमानाने झाली. युद्धनौकेचे स्मारक पेट्रोलच्या टाकीत सापडावे, ही नशिबाची थट्टाच म्हणायची.

न्यायालयांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रकरण त्यांच्यासमोर आले तेव्हा नौकेचे आयुष्य संपल्याचे आणि ती ठेवणे धोक्याचे असल्याचे सरकारच सांगत होते, आणि ते खोटे नव्हते. खरा प्रश्न असा की, १९९७ मध्ये धडधाकट असलेली नौका पंधरा वर्षांत अशी कशी झाली?

याचे उत्तर गंजाच्या साध्या रसायनात आहे. पोलाद, खारे पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतोच. नौकेच्या अंगावर सर्वांत वाईट जागा म्हणजे जलरेषेचा पट्टा. तिथे लाटा आळीपाळीने ओलावा आणि प्राणवायू दोन्ही पुरवितात. सेवेतील नौका ठराविक काळाने कोरड्या गोदीत घेतात, तळावरचे शेवाळ व शिंपले खरवडून काढतात, पत्र्याची जाडी मोजतात, पातळ झालेला पत्रा कापून नवा जोडतात, गंजरोधक रंग देतात. तळाला जस्तासारख्या धातूचे ठोकळे जोडलेले असतात. गंज आधी त्यांना खातो आणि पोलाद वाचते. हे ठोकळे झिजले की बदलावे लागतात. सेवामुक्त नौकेच्या बाबतीत ही सारी साखळी तुटते. वरून रंगरंगोटी होते, कठड्यांना चकाकी येते, पाहणाऱ्याला नौका उत्तम दिसते. पाण्याखालचा पत्रा मात्र वर्षागणिक पातळ होत राहतो. त्यातच आतल्या बाजूने, इंधनाच्या आणि पाण्याच्या रिकाम्या टाक्यांमधून, गंज चढत असतो. तिथे तर डोकावणेही अवघड. मुंबईची दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि बंदरातला गाळ यांची त्यात भर पडते. सुमारे सातशे फूट लांबीची, भरल्या वजनाने एकोणीस हजार टनांच्या पुढची नौका अशा अवस्थेत बुडली तर ती बंदराचा रस्ताच अडवून बसेल, ही भीती मग अवास्तव राहत नाही.

यात नौदलाची बाजूही समजून घ्यावी लागते. मुंबईच्या नौदल गोदीत जागेची चणचण आहे. लढाऊ नौका ज्या गोदीत दुरुस्त व्हायच्या, ती गोदी संग्रहालयासाठी अडवून ठेवणे आणि संरक्षणासाठी मिळालेला पैसा स्मारकावर खर्च करणे कोणत्याही नौदलाला परवडणारे नाही. नौदलाने जे केले ते कर्तव्यापलीकडचे होते. ज्यांनी संग्रहालयाच्या घोषणा केल्या, त्यांनी ही जबाबदारी नौदलाच्या अंगावरून उतरवून घेतली नाही, हा खरा दोष.

जगात हा पेच केवळ आपल्यालाच पडलेला नाही. अमेरिकेतील 'टेक्सास' ही १९१४ मध्ये सेवेत आलेली युद्धनौका दोन्ही महायुद्धांत लढली. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तिच्या तोफा धडाडल्या होत्या. १९४८ मध्ये ती टेक्सास राज्याच्या स्वाधीन झाली आणि सॅन जॅसिंटो येथे तिचे संग्रहालय झाले. त्यानंतर चाळीस वर्षे ती तिथल्या मचूळ पाण्यात जवळपास तशीच उभी राहिली. १९८८ मध्ये प्रथम ती गोदीत नेण्यात आली, तोवर बरेच नुकसान होऊन गेले होते. पुढच्या तीन दशकांत गळती इतकी वाढली की पंप अहोरात्र चालू ठेवल्याशिवाय ती तरंगेना. म्हणजे श्रीमंत देशातही आबाळ होतेच. फरक पुढच्या पावलात आहे. २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने दुरुस्तीसाठी साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले, नौका ९९ वर्षांच्या कराराने एका बिगरनफा प्रतिष्ठानाकडे सोपविली आणि अट घातली, की यापुढे ती अशा ठिकाणी न्यायची जिथे पुरेसे प्रेक्षक येतील व तिचा रोजचा खर्च तिने स्वतः भागवावा. ऑगस्ट २०२२ मध्ये, फुटक्या बाजूंच्या पोकळ्यांत फेस भरून, ती ओढत गॅल्व्हस्टनच्या गोदीत आणली गेली. दीड वर्ष तिचा तळ आणि बाजू नव्या पत्र्याने बांधण्याचे काम चालले आणि मार्च २०२४ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली.

'स्वतःचा खर्च स्वतः भागवावा' ही अट आपल्याकडेही होती, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की 'विराट'साठी आर्थिकदृष्ट्या स्वयंपूर्ण असा परिपूर्ण प्रस्ताव कोणाकडूनही न आल्याने ती भंगारात काढण्यात येईल. अट एकच, पण तिची जागा वेगळी. टेक्सासने आधी सार्वजनिक पैशातून नौका धडधाकट केली आणि मग प्रतिष्ठानाला ती चालवायला सांगितली. आपण गोदीकाम, धक्का, खोदाई, सुरक्षा, दैनंदिन देखभाल हे सारे एकाच गुंतवणूकदाराने उचलावे, वर नफाही मिळवून दाखवावा, अशी अपेक्षा केली. अठ्ठावीस हजार टनांची, साठी उलटायला आलेली नौका निवतीसारख्या उघड्या समुद्राच्या किनाऱ्यावर उभी करून तिकिटांच्या पैशातून ८५२ कोटी रुपये वसूल होतील, असे कोणत्या हिशेबनीसाला वाटले असेल? गुंतवणूकदार आला नाही, यात त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही. कोणतेही वस्तुसंग्रहालय आपल्या इमारतीचा बांधकामखर्च तिकिटातून फेडत नाही; मग तो भार तरंगत्या इमारतीवरच का?

'विराट'च्या अखेरीत आणखी एक अध्याय आहे. जुलै २०२० च्या लिलावात ती ३८ कोटी ५४ लाख रुपयांना गेली. सप्टेंबरच्या अखेरीस ती अलंगला किनाऱ्यावर चढविण्यात आली. त्यानंतर एका खासगी कंपनीने ती शंभर कोटींना विकत घेऊन गोव्यात संग्रहालय करण्याची तयारी दाखविली. संरक्षण मंत्रालयाने ना-हरकत पत्र दिले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडकामाला स्थगिती दिली, पण एप्रिलमध्ये, सुमारे चाळीस टक्के नौका तोडून झालेली असल्याचे नमूद करून, याचिका निकाली काढली. त्या प्रस्तावाचा आर्थिक पाया किती पक्का होता, हा वादाचा विषय होऊ शकतो. वेळेबाबत मात्र वाद नाही. नौका मार्च २०१७ मध्ये सेवामुक्त झाली होती आणि हा खटला चार वर्षांनी, किनाऱ्यावर रुतलेल्या, कापलेल्या नौकेबद्दल चालला होता.

कायद्याचा आधार शोधावा, तर तोही तोकडा पडतो. प्राचीन स्मारकांसंबंधीचा १९५८ चा कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंचा विचार करतो. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यातही मुख्य निकष शंभर वर्षांचाच. आधुनिक युद्धनौकेचे सेवेतील आयुष्य तीस ते पन्नास वर्षांचे असते आणि पाण्यात विनादुरुस्ती ती त्यानंतर जेमतेम पंधरा-वीस वर्षे काढते. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती वारसा ठरण्याच्या किती तरी आधी तिचा चुरा झालेला असतो. दगडी किल्ल्यासाठी आखलेला निकष पोलादाला लागू होत नाही, एवढी साधी गोष्ट धोरणकर्त्यांच्या ध्यानात येऊ नये, याचे आश्चर्य वाटते. किल्ला दुर्लक्ष सोसतो. नौका सोसत नाही.

पाण्यात तरंगती ठेवणे हाच एक मार्ग आहे, असेही नाही. जपानची 'मिकासा' ही युद्धनौका १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत ॲडमिरल टोगो यांचे निशाण मिरवीत होती. नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या वॉशिंग्टन करारानंतर ती मोडीत निघायची होती. परंतु पुन्हा समुद्रावर जाऊ शकणार नाही अशा रीतीने ठेवण्याच्या अटीवर तिला जीवदान मिळाले आणि १९२६ मध्ये योकोसुका येथे तिचा तळ जमिनीत काँक्रीटने पक्का करण्यात आला. लष्करी अट होती. तिने नौकेचा तळ खाऱ्या पाण्यापासून वाचवला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचीही दैना झाली. वरचे मजले काढले गेले, तिथे नृत्यगृह आणि मत्स्यालय थाटण्यात आले. पुढे देणग्या जमल्या. ज्यांनी जपानच्या नौदलाचा पराभव केला त्या अमेरिकी ॲडमिरल निमिट्झ यांनीही मदत केली. त्याच सुमारास जपानमध्ये मोडीत निघालेल्या 'अल्मिरांते लातोरे' या चिलीच्या युद्धनौकेचे सुटे भाग उपयोगी पडले. आणि मे १९६१ मध्ये 'मिकासा' पुन्हा खुली झाली. 'विक्रांत' सेवेत आली ते हेच वर्ष. सांगाडा शाबूत असेल, तर हरवलेले परत उभे करता येते, हे 'मिकासा'ने दाखवून दिले.

आपल्या देशातही याचा अनुभव आहे. विशाखापट्टणमची 'कुरसुरा' ही पाणबुडी २००१ मध्ये सेवामुक्त झाली आणि पुढच्याच वर्षी रामकृष्ण बीचवर पायावर चढवून तिचे संग्रहालय खुले झाले. ९१ मीटर लांबीची पाणबुडी वाळूवर ओढून आणणे सोपे नव्हते, खर्चिकही होते. परंतु तो खर्च एकदाच झाला, चालविण्याची जबाबदारी शहराच्या विकास प्राधिकरणाकडे स्पष्टपणे गेली आणि प्रेक्षक शहराच्या ऐन रहदारीच्या किनाऱ्यावर आपोआप मिळाले. कारवारला 'चपल' ही क्षेपणास्त्रवाहू नौका अशीच किनाऱ्यावर आहे. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ, म्हणजे मराठा आरमाराची आठवण सांगणाऱ्या खाडीकाठी, 'टी-८०' ही छोटी नौका आणण्यात आली आहे. विमानवाहू नौकेची गोष्ट आकारामुळे वेगळी, हे मान्य. ती वाळूवर ओढता येत नाही. तथापि मातीने व काँक्रीटने वेढलेली कायमची कुंडी तिच्यासाठी बांधता येते, आणि त्याचा खर्च दर काही वर्षांनी कोरडी गोदी शोधण्यापेक्षा दीर्घकाळात परवडण्याजोगा ठरू शकतो. तो हिशेब 'विक्रांत'च्या सतरा वर्षांत कोणी शेवटपर्यंत मांडलेला दिसला नाही.

प्रत्येक नौका जपावी, असा याचा अर्थ नाही. बहुतेक नौका भंगारातच जाणार आणि तेच योग्य आहे. पोलाद पुन्हा कामाला येते. पण ज्या दोन-तीन नौका राष्ट्राच्या स्मृतीत राहाव्यात असे वाटते, त्यांची निवड सेवामुक्तीच्या समारंभात भाषणे संपल्यावर करून चालत नाही. ती निदान पाच वर्षे आधी व्हायला हवी. त्या नौकेची शेवटची गोदीफेरी जतन डोळ्यांपुढे ठेवून व्हावी, इंधनटाक्या स्वच्छ व्हाव्यात, ॲस्बेस्टॉससारखे घातक पदार्थ निघावेत आणि जागा निश्चित व्हावी. हे सारे नौदलाच्या ताब्यात असताना स्वस्तात होते, नंतर नाही. आणि तिच्यासाठी एक कायम निधी असावा, ज्याच्या व्याजातून रंग आणि पत्रा भागेल, मग मंत्रालयात सरकार कोणाचेही असो. 'विक्रमादित्य' २०१३ मध्ये आपल्या नौदलात आली खरी, पण सोव्हिएत नौदलात ती १९८७ मध्येच दाखल झाली होती. कारवारच्या तळावरून तिला निरोप देण्याचा दिवसही फार दूर नाही. त्या दिवसाची तयारी करायची, तर ती आताच सुरू व्हायला हवी.

निवतीच्या 'गुलदार'ला रंगाची गरज पडणार नाही; समुद्रतळाशी तिची हळूहळू झीज व्हावी, हेच योजनेत गृहीत आहे. म्हणून तिला जतन म्हणणे कठीण, फार तर सन्मानाचे जलसमर्पण म्हणता येईल. तरीही पाण्याखालच्या सांगाड्यात माणसे न्यायची, तर त्याची मजबुती नियमित तपासावी लागेल, अडकलेली मासेमारीची जाळी काढावी लागतील, खुणेचे बोये जागेवर ठेवावे लागतील आणि निवतीच्या मच्छीमारांशी हद्दीचा समझोता टिकवावा लागेल. मंजूर झालेले कोटी रुपये उभारणीचे आहेत. दहाव्या वर्षीचा पाणबुड्या कोणाच्या खात्यातून पगार घेणार, हे प्रकल्पाच्या पहिल्याच वर्षी महामंडळाने लेखी जाहीर करायला हरकत नसावी.